चेहरा हवा की चौक? वाइड अँगल कॅमेऱ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

सीसीटीव्हीवर प्रश्न मागवले आणि बहुतेक पत्रं एकाच जागी येऊन थांबली: एकच रुंद बघणारा कॅमेरा लावून भागेल का? याचं उत्तर जागेच्या मापांवर ठरतं, म्हणून ज्यांनी मापं लिहून पाठवली त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : कोल्हापूरच्या गुजरीत आमचं चांदीच्या दागिन्यांचं दुकान आहे. रुंदी १० फूट, खोली २५ फूट. मागच्या भिंतीवर २ मेगापिक्सेलचा, २.८ मि.मी. लेन्सचा कॅमेरा आहे. सगळं दुकान दिसतं, पण दारातून आत येणाऱ्याचा चेहरा मोठा करून बघायला गेलं की नुसते चौकोन दिसतात. एक फिटिंगवाला म्हणतो, ५ मेगापिक्सेलचा वाइड टाका. दुसरा म्हणतो, लेन्स बदला. कोणाचं ऐकावं?

उत्तर : दुसऱ्याचं. शिवाय तुमच्या डीव्हीआरमध्येही, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यातही, गोम असू शकते, तिच्याकडे नंतर येऊ.

लेन्सवरचा मि.मी.चा आकडा जितका लहान, तितका कॅमेरा रुंद बघतो. बाजारातल्या नेहमीच्या कॅमेऱ्यांत २.८ मि.मी. म्हणजे आडवा १०० ते ११० अंश, ३.६ म्हणजे ८० ते ९०, ६ म्हणजे ५० ते ५५ आणि १२ म्हणजे साधारण २५ अंश. सेन्सरच्या आकाराप्रमाणे यात थोडा फरक पडतो, तो कंपनीच्या माहितीपत्रकावर, म्हणजे डेटाशीटवर, दिलेला असतो. २ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, १९२०. लेन्स कुठलीही लावा, ते तेवढेच राहतात. पंगत वाढली म्हणून आमटी वाढत नाही, ती पातळ होते. रुंद लेन्समध्ये पिक्सेलचं तेच होतं.

अनोळखी माणसाचा चेहरा पुढे ओळखता यावा असं वाटत असेल, तर चेहऱ्याच्या जागी एका मीटरला २५० पिक्सेल पडायला हवेत. ओळखीचाच माणूस आहे का एवढं ताडायला १२५ पुरतात. कोण काय करतोय हे बघायला ६२ च्या आसपास, आणि नुसतं कुणीतरी आलं एवढं कळायला २५. ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतले हे आकडे आहेत आणि डेटाशीटवर अंतरांचा जो तक्ता असतो तो यांवरूनच काढलेला असतो.

आता तुमचं दुकान. २५ फूट म्हणजे ७.६ मीटर. तिथं तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्याचे मीटरला साधारण १३५ पिक्सेल पडतात. ५ मेगापिक्सेलचा २.८ आणला तर १८५ च्या आसपास जाल, म्हणजे पैसे खर्चूनही २५० च्या अलीकडेच. उलट २ मेगापिक्सेलच ठेवून लेन्स ६ मि.मी. केली, तर दारात २६० च्या वर पिक्सेल मिळतात. आणि त्या अंतरावर ६ मि.मी.ची लेन्स २४ फूट रुंदी बघते, तुमचं दार तर १० फुटांच्या आतलं. त्यामुळे दाराशी काहीही निसटत नाही.

निसटतो तो काउंटर. म्हणून ६ मि.मी.चा कॅमेरा दारासाठी वेगळा घ्या आणि जुना २.८ काढून टाकू नका, तो काउंटरच्या वर ८ फुटांवर आणा आणि खाली ट्रेकडे झुकवा. एवढ्या जवळून २.८ मध्येही मीटरला ६०० च्या पुढे पिक्सेल मिळतात. कुणी कुठली जोडवी उचलली, कुठली परत ठेवली, हे दिसतं. वाइड लेन्सची खरी जागा ही. जवळचं, पसरलेलं, हाताचं काम दिसायला हवं तिथं ती लावावी. दाराकडे रोखलेली वाइड लेन्स निम्मं चित्र दोन्ही बाजूंच्या कपाटांवर घालवते.

दाराच्या कॅमेऱ्याची उंची हा पुढचा मुद्दा. कॅमेरा चेहऱ्यापेक्षा जितका वर, त्याच्या निदान तिप्पट अंतर आडवं हवं. नाहीतर चेहऱ्याऐवजी टोपी आणि भांग दिसतो. चेहरा सव्वापाच फुटांवर धरा. कॅमेरा ८ फुटांवर असेल तर ९ फूट लांबून चेहरा सरळ मिळतो, ११ फुटांवर नेला तर १७-१८ फूट लागतात. चोरून नेतील या भीतीनं कॅमेरा छताला चिकटवायची सवय आहे, तिनंच बरीच फुटेज वाया जातात.

दारातून येणाऱ्या उजेडामुळे दिवसा येणारा माणूस काळा दिसत असेल, तर १२० डीबीचा खरा डब्ल्यूडीआर (उजेड आणि काळोख एकाच चित्रात सांभाळणारी सोय) असलेला कॅमेरा घ्या. खोक्यावर नुसतं डीडब्ल्यूडीआर लिहिलेलं असेल तर तो चित्र उजळ करण्याचा सॉफ्टवेअरचा प्रकार आहे, दाराच्या उजेडापुढे त्याचा निभाव लागत नाही. सराफी दुकानात आरसे आणि शोकेसच्या काचा भरपूर, त्यामुळे शटर ओढल्यावर कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड काचेवर आपटून परत येतो आणि चित्र पांढरं होतं. रात्री इन्फ्रारेड बंद ठेवा आणि एखादा ५ वॉटचा एलईडी चालू राहू द्या.

आता डीव्हीआर. स्वस्तातल्या बऱ्याच डीव्हीआरमध्ये रेकॉर्डिंग सेटिंगला '१०८०एन' किंवा '१०८० लाइट' असं लिहिलेलं असतं. त्यात चित्र १९२० ऐवजी ९६० आडव्या पिक्सेलनं साठवलं जातं आणि दाखवताना ताणलं जातं. म्हणजे दारात १३५ सुद्धा नव्हे, ७० च्या आसपासच पिक्सेल शिल्लक राहतात. तुमचे ते 'चौकोन' बहुधा इथले. चॅनलच्या एन्कोड सेटिंगमध्ये पूर्ण १०८०पी मिळत असेल तर ते निवडा. काही डीव्हीआरमध्ये पूर्ण १०८०पी केल्यावर फ्रेम सेकंदाला २५ वरून १२ किंवा १५ वर येतात. दुकानाला त्या चालतात.

बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी एक करा. कुणालातरी टोपी घालून दारातून नेहमीच्या चालीनं आत यायला सांगा, मग रेकॉर्डिंग मागे नेऊन थांबवा. हे डीव्हीआरच्या मॉनिटरवर, मेन स्ट्रीमवर बघायचं. मोबाइलवर दिसतो तो बहुतेक वेळा सब-स्ट्रीम, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र, त्यावरून कॅमेरा चांगला की वाईट ठरवू नये. आणि हीच चाचणी रात्री एकदा करा.

प्रश्न : रुईकर कॉलनीत आमची १२ फ्लॅटची सोसायटी आहे. खालचं पार्किंग ६० फूट लांब, ३० फूट रुंद, मध्ये खांब. गेट १२ फुटी. दोन लेन्सचा १८० अंशांचा एकच कॅमेरा लावला की चार कॅमेऱ्यांचं काम होईल आणि गाड्यांचे नंबरही दिसतील, असं कोटेशन आलंय. घ्यावं का?

उत्तर : नंबरांचं विसरा. बाकीचं काम होईल का, हे कोटेशनमधल्या एका आकड्यावर आहे.

दोन लेन्सची चित्रं जोडून एक लांबट चित्र करणाऱ्या या कॅमेऱ्यांत मेगापिक्सेलपेक्षा आडवे पिक्सेल किती ते विचारा. ४ मेगापिक्सेलवाल्यात ते साधारण ३०४० असतात, ८ मेगापिक्सेलवाल्यात ५१२०. लांब भिंतीच्या मधोमध कॅमेरा लावला तर समोरचा कोपरा ४२ फूट, म्हणजे १३ मीटर पडतो. तिथं ३०४० वाल्याचे मीटरला ७५ पिक्सेल, ५१२० वाल्याचे १२५. पहिल्यात 'काय चाललंय' एवढंच कळेल, दुसऱ्यात सोसायटीतला माणूस असेल तर ओळखू येईल. १८० अंशांचा घ्यायचाच तर ५१२० चा घ्या, आणि तुमचा एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) ५१२० बाय १४४० चं चित्र स्वीकारतो का हे आधी तपासा. तो स्वीकारत नसेल तर कॅमेरा आपसूक खालच्या रिझोल्यूशनवर येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

अडचण खांबांची आहे. एका जागेवरून बघणाऱ्याला खांबामागचं दिसत नाही, त्याची नजर कितीही रुंद असो. पेट्रोल काढणारा नेमका खांबाआड बसतो. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत ४ मेगापिक्सेलचे ३.६ किंवा ४ मि.मी. लेन्सचे दोन कॅमेरे लावले, तर प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजू कुठल्या ना कुठल्या कॅमेऱ्यात येतात. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. तुमच्या पार्किंगसाठी आम्ही हेच सुचवू. १८० चा कॅमेरा मोकळ्या जागेला शोभतो: मंगल कार्यालयाचं आवार, पेट्रोल पंपाची पुढची बाजू, गुळाच्या अडतीचा कट्टा.

दोन चित्रं जिथं जुळतात तिथं आणखी एक भानगड होते. कॅमेऱ्याच्या दोन-तीन मीटरच्या आत आलेला माणूस जोडावर कापला जातो किंवा दोनदा दिसतो. म्हणून जोडाची रेघ लिफ्टच्या दारावर किंवा गेटवर पडू देऊ नका.

नंबरसाठी गेटवर वेगळा कॅमेरा लागेल आणि तो मुद्दाम अरुंद बघणारा लागेल. दुचाकीच्या मागच्या पाटीवरची अक्षरं ४० मि.मी.च्या आसपास असतात. मीटरला २५० पिक्सेल मिळाले तरी अक्षर जेमतेम १० पिक्सेलचं होतं आणि ३ चा ८ वाचला जातो. निदान ४५० ते ५०० पिक्सेल हवेत. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २५६० आडवे पिक्सेल असतात. चौकट फक्त १२ फुटी गेटाएवढी धरली तर मीटरला जवळपास ७०० मिळतात. १२ मि.मी. लेन्स असेल तर त्यासाठी कॅमेरा गेटपासून ८-९ मीटरवर हवा. अंतर नक्की नसेल तर २.८ ते १२ ची मोटरवाली व्हेरिफोकल घ्या, जागेवर जुळवता येते.

शटरचा वेग ही दुसरी गोष्ट. गाडी ताशी १५ कि.मी.नं आली तर सेकंदाला ४ मीटरहून जास्त सरकते. रात्री कॅमेरा आपोआप १/२५ सेकंदावर जातो आणि तेवढ्यात गाडी १७ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. पाटी पुसल्यासारखी दिसते ती त्यामुळे. शटर हातानं १/५०० वर ठेवा. चित्र काळोखं होईल, होऊ दे. पाटीचा चकाकणारा पत्रा इन्फ्रारेडमध्ये उजळून दिसतो आणि आपल्याला तेवढंच हवं. हेडलाइटमुळे पुढची पाटी जमत नसेल तर आत जाणाऱ्या गाडीची मागची पाटी धरा. गाडीच्या रेषेशी कॅमेऱ्याचा कोन ३० अंशांच्या आत ठेवा, वरूनही आणि बाजूनंही.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात ४० बाय ५० फुटांचा गाळा आहे. पत्र्याची शेड, उंची १८ फूट. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), तीन लेथ, कोपऱ्यात वेल्डिंग. छताच्या मधोमध एक फिशआय लावला तर सगळं दिसेल का?

उत्तर : सगळं दिसेल, पण वरून. फिशआय म्हणजे एकाच लेन्समधून चौफेर बघणारा कॅमेरा. त्याचं चित्र गोल असतं आणि तो गोल सेन्सरच्या उभ्या बाजूत मावतो. ५ मेगापिक्सेल म्हणजे २५६० बाय १९४४. गोल मिळतो १९४४ चा, बाजूचे पिक्सेल काळे राहतात. म्हणजे खोक्यावरच्या मेगापिक्सेलपैकी बरेच कामालाच येत नाहीत. तुमच्या गाळ्याच्या कोपऱ्यात मीटरला ६० च्या आसपास पिक्सेल पडतील, १२ मेगापिक्सेलचा घेतला तर ९० च्या. बरोबर खाली उभ्या असलेल्या माणसाचे पिक्सेल जास्त, पण दिसणार त्याचा माथा.

मग त्याचा उपयोग काय? जॉबचा ट्रे कुठून कुठं गेला, फोर्कलिफ्ट कुणाच्या अंगावर आली, मशीन किती वेळ रिकामं उभं होतं, हे तो उत्तम दाखवतो, कारण मशीनची आड येत नाही. गाळ्यात कोण शिरलं हे सांगायला शटरवर ४ मेगापिक्सेलचा, ६ मि.मी.चा स्वतंत्र कॅमेरा लावा. ही जोडी तुमच्या गाळ्याला पुरेल.

फिशआय घेताना गोल चित्र सरळ कोण करणार ते विचारा. काही कॅमेरे स्वतः सरळ करून पाठवतात, काही ते काम एनव्हीआरवर किंवा कॉम्प्युटरवर टाकतात. कॅमेरा एका कंपनीचा आणि एनव्हीआर दुसऱ्याचा असेल तर बहुधा नुसता गोलच बघत बसावं लागतं. सेटिंगमध्ये 'सीलिंग' निवडलंय का बघा. 'वॉल' राहिलं असेल तर सरळ केलेलं चित्र वेडंवाकडं येतं.

बसवताना कॅमेरा पत्र्याला लावू नका, कैचीला, म्हणजे पत्र्याखालच्या सांगाड्याला लावा. वाऱ्यानं पत्रा थरथरतो आणि रेकॉर्डर त्याला सतत हालचाल समजून डिस्क भरतो. हाय-बे दिव्यांच्या पातळीच्या खाली, फूट-दीड फूट पाइपनं सोडा, नाहीतर दिवे थेट चित्रात चकाकतात. व्हीएमसीच्या कूलंटचा धूर कॅमेऱ्याच्या घुमटावर चिकट थर धरतो, त्यामुळे महिन्यातून एकदा साबणाचं पाणी आणि मऊ फडकं फिरवा. थिनर, पेट्रोल नको, प्लास्टिकला तडे जातात. वेल्डिंगचा कोपरा पत्र्याच्या आडोशानं झाका. ठिणगी पडली की कॅमेरा पूर्ण चित्राचा उजेड कमी करतो आणि बाकीचा गाळा काळोखात जातो.

केबलबद्दल दोन शब्द, कारण उद्यमनगरातल्या निम्म्या तक्रारी कॅमेऱ्याच्या नसतातच. डेटा केबल मोटरच्या किंवा ड्राइव्हच्या केबलबरोबर एका पाइपात घालू नका. फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. कॅट-सिक्स शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण पीओईचा, म्हणजे डेटा केबलमधूनच कॅमेऱ्याला दिलेल्या विजेचा, करंट तिच्यातून जाताना व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड चालू झाला की कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. दिवसा ठीक, रात्री गायब, असं असेल तर आधी केबल तपासा. पीओईला स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे.

प्रश्न : गगनबावड्याजवळ घर आहे. सोप्यावर वाइड अँगल डोम लावलाय. पावसाळ्यात रात्री चित्र दुधासारखं पांढरं होतं. कॅमेरा बदलून झाला, तरी तेच.

उत्तर : कॅमेरा तिसरा आणला तरी तेच होईल. रुंद लेन्सला तुमच्या कौलाच्या वळचणीचा कडाही दिसतो आणि इन्फ्रारेडचा उजेड त्याच्यावर आपटून परत लेन्समध्ये येतो. कडा अर्ध्या-एक फुटावर, अंगण २० फुटांवर; कॅमेरा जवळच्या झगमगाटाला जुळवून घेतो आणि अंगण काळं पडतं. वर पागोळ्यांचे थेंब. डोमचा घुमट ओला झाला किंवा त्यावर धूळ बसली की उजेड घुमटातच पसरतो.

डोमच्या जागी आयबॉल, म्हणजे टरेट घ्या; त्यात इन्फ्रारेड आणि लेन्सच्या पुढे तो घुमट नसतो. कॅमेरा वळचणीखाली खोल लावू नका. कडेच्या जवळ आणा किंवा भिंतीवर फूट-दीड फूट खाली उतरवा आणि कडा चित्रातून पूर्ण जाईपर्यंत झुकवा. त्यातूनही भागलं नाही तर कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड बंद करा आणि तीन-चार फूट बाजूला १० वॉटचा एलईडी दिवा लावा. यानं कोळ्यांचा प्रश्नही बराच सुटतो: कॅमेऱ्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागून कोळी, आणि लेन्सपुढं हलणारं जाळं रात्रभर अलार्म देतं. जाळी मऊ ब्रशनं काढा, फवारणीचं औषध लेन्सवर मारू नका.

खोक्यावर आयपी६७ लिहिलं म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगात पाणी शिरत नाही एवढंच. शेपटीच्या जोडणीला तो आकडा लागू नाही. बीएनसी, डीसी पिन किंवा आरजे४५ जोड उघडा लटकत असेल तर पहिल्या पावसातच हिरवा गंज चढतो. जोड जंक्शन बॉक्सच्या आत हवा, केबल खालून आत जायला हवी आणि बॉक्सच्या आधी केबलला खाली झोळ द्यायला हवा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं. आरजे४५ चं वॉटरप्रूफ टोपण केबलमध्ये ओवून मगच कनेक्टर क्रिंप करायचा असतो. घाईत ते विसरतं आणि टोपण खोक्यातच राहतं. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर लावा, पण त्याला खरं अर्थिंग द्या. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसती डबी.

प्रश्न : शिवाजी पेठेत जुना वाडा आहे. ४ फुटी बोळ, ४० फूट लांब. वाइड कॅमेऱ्यात दोन्ही बाजूंच्या भिंतीच दिसतात.

उत्तर : कॅमेरा बोळाकडेच रोखून ९० अंशांत कुशीवर वळवा आणि सेटिंगमध्ये 'रोटेट' किंवा 'कॉरिडॉर' चालू करा. चित्र उभं होतं, भिंती निघून जातात आणि पायाशी ते टोकापर्यंत बोळ चित्रात येतो. ही सोय आयपी, म्हणजे नेटवर्क केबलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात सहसा असते, ॲनालॉगमध्ये तिची आशा धरू नका. लेन्स ४ किंवा ६ मि.मी.ची घ्या. ४ मेगापिक्सेल आणि ६ मि.मी. घेतलं तर ४० फुटांवरही मीटरला २२० च्या आसपास पिक्सेल मिळतात, २.८ ला त्याच्या निम्मेच.

प्रश्न : आमच्या वाइड कॅमेऱ्यात समोरच्यांचा दरवाजा आणि न्हाणीची खिडकी येते. भांडण झालंय.

उत्तर : सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी मास्क' आहे. तेवढ्या भागावर काळा चौकोन ओढा. तो रेकॉर्डिंगमध्येही काळाच राहतो. शेजाऱ्यांना बोलावून स्क्रीनवर दाखवा. तरीही त्यांच्या घराकडे रोखलेली वाइड लेन्स हवीच कशाला? तुमच्या दारापुरती ४ मि.मी. लावा, भांडण मिटेल.

प्रश्न : शुक्रवार पेठेत घर आहे, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी आत आलं होतं. एनव्हीआर कुठं ठेवावा? आणि ४ मेगापिक्सेलच्या चार कॅमेऱ्यांना ३० दिवसांसाठी किती डिस्क?

उत्तर : एनव्हीआर, पीओई स्विच, यूपीएस, तिन्ही पहिल्या मजल्यावर किंवा माळ्यावर. केबलचे जोडही खाली नकोत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आली की एनव्हीआर मेनूमधून रीतसर शटडाउन करून पिन काढायची तयारी ठेवा. ४३ फूट ही धोका पातळी, तिची वाट बघू नका. डिस्क भिजलीच तर वाळवून चालू करून बघायचा मोह टाळा. फुटेज हवं असेल तर ती वीज न देता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डिस्कचा हिशोब सोपा आहे. १ एमबीपीएस बिटरेटला, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट साठलं तर, दिवसाला १०.८ जीबी. एच.२६५ मध्ये (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) ४ मेगापिक्सेलला १५ फ्रेमवर २ एमबीपीएस धरा: कॅमेऱ्याला २१.६ जीबी, चौघांना ८६, महिन्याला २.६ टीबी. ४ टीबीची सर्व्हेलन्स डिस्क घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहायला केलेली नसते. वाइड कॅमेऱ्यात हलणारी झाडं आणि रस्ता जास्त येतो, त्यामुळे बिटरेट वर जातो. आठवड्यानं प्रत्यक्ष किती दिवस साठतायत ते बघून घ्या.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तातले वाइड कॅमेरे दिसतात. घ्यावेत का?

उत्तर : ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या नव्या निकषांसह बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर आणि कॅमेऱ्यावर आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. तोच नसेल तर बाकी चर्चा नको. '१७० अंश' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तर तो कोन आडवा की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा, हे विचारा. तिरपा कोन नेहमीच मोठा भरतो.

प्रश्न : चोरीनंतर पोलिसांना फुटेज द्यायचं तर मोबाइलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढून चालेल का?

उत्तर : तपासाला तातडीनं दाखवण्यापुरता चालेल. पुरावा म्हणून मूळ फाइल एनव्हीआरमधून पेन ड्राइव्हवर काढून द्या, आणि तीही लवकर, डिस्क भरली की जुनं पुसलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात आहे. एनव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असेल तर ते तसंच ठेवून, खऱ्या वेळेशी किती मिनिटांचा फरक आहे हे कागदावर लिहून द्या. फुटेज काढल्यानंतर एनटीपी चालू करा, घड्याळ इंटरनेटवरून जुळत राहील.